कामतघरचे जॉबर

साध्या यंत्रमागाचा मुख्य दांडा मिनिटाला साधारण १६० फेरे घेतो. एका फेऱ्याला मिळतात सेकंदाचे तीन अष्टमांश. तेवढ्यात ताण्याचे धागे वर-खाली फाकायचे, त्यांच्या मधल्या बोळातून धोटा एका टोकाकडून दुसरीकडे जायचा आणि त्याने मागे सोडलेला आडवा धागा फणीने रेटून कापडात बसवायचा. या वेळेतला जेमतेम तिसरा हिस्सा धोट्याच्या वाट्याला येतो. दीड मीटर अंतर सेकंदाच्या आठव्या भागात, म्हणजे ताशी ४० किलोमीटरहून जास्त वेगाने, कापून त्याने समोरच्या पेटीत शिरायचं आणि तिथे पूर्ण थांबायचं. उसळायचं नाही, अर्धवट बाहेर राहायचं नाही. पुढच्याच फेऱ्याला तोच फटका उलट दिशेने. माग एकदाही न थांबता चालला तर बारा तासांच्या पाळीत हे १ लाख १५ हजार वेळा घडतं.

घडतं, कारण कुणीतरी ते तसं जमवून ठेवलेलं असतं. भिवंडीच्या वऱ्हाळा तलावाकाठच्या कामतघरात आणि शेजारच्या पद्मानगरात गल्लोगल्ली यंत्रमागांच्या शेड आहेत. तिथे या माणसाला जॉबर म्हणतात. मालकाचं भांडवल, विणकराचे हाल, व्यापाऱ्याचा भाव यांवर बरंच लिहिलं गेलं आहे. गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीने पुढे कित्येक दशकं चालवले, हेही सगळे सांगतात. ते चालले कसे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचं उत्तर जॉबरच्या हातात आहे आणि कागदावर ते फार थोडं उतरलं आहे.

कामतघर हे मुळातलं तलावाकाठचं गाव. वऱ्हाळदेवीचं देऊळ, आगरी-कुणबी मुलखातली भातशेती, आणि पलीकडे कामवारी नदीवर वसलेली भिवंडी. भिवंडीला या तलावाचं पाणी मिळत आलं. विणकाम इथे आलं ते बाहेरून आणि ते हातमागाच्या रूपात. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातली मोमीन विणकर घराणी दक्षिणेकडे सरकली. त्यांतली काही मालेगावला थांबली, काही भिवंडीपर्यंत आली. विजेवरच्या मागाची महाराष्ट्रातली सुरुवात मात्र दुसरीकडे, इचलकरंजीत झाली. तिथे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. भिवंडीत वीज पोचल्यावर १९३० च्या दशकात हातमागवाल्यांनी यंत्रमाग घ्यायला सुरुवात केली. पुढे तेलंगणातल्या करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागांतून पद्मशाली विणकर आले. हातमाग त्यांच्या घराण्यातच होता. पद्मानगरची तेलुगू वस्ती त्यांची. उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगार त्यानंतर मोठ्या संख्येने येत राहिले आणि त्यांच्या जेवणासाठी भिवंडीत बिस्सी नावाच्या खाणावळी उभ्या राहिल्या.

माग जो आला तो लँकेशायरचा. जॉन के याने १७३३ मध्ये दोरीने ओढून उडणारा धोटा काढला, एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये यंत्रशक्तीवरच्या मागाचं पेटंट घेतलं. पण कार्टराइटचा माग कामापेक्षा थांबायचाच जास्त. १८४२ मध्ये ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो या जोडीने आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी योजना त्याला जोडली, आणि मग ज्याला जगभर लँकेशायर लूम म्हणून ओळखतात तो साधा, दणकट, दुरुस्त करायला सोपा माग तयार झाला. भिवंडीच्या शेडमध्ये एकविसाव्या शतकातही जे चाललं ते या घराण्यातलंच यंत्र. बिडाच्या दोन उभ्या चौकटी, वर क्रँक, खाली कॅमचा दांडा, दोन्ही बाजूंना धोट्याच्या पेट्या. लँकेशायरमध्ये हा माग लावणाऱ्याला टॅकलर म्हणत, यॉर्कशायरमध्ये ट्यूनर. अशा प्रत्येक माणसाकडे ठरावीक संख्येचे माग असत आणि त्या मागांवरच्या विणकरांची कमाई त्याच्या हाताच्या कौशल्यावर अवलंबून असे.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. त्यानंतर गिरणगाव वाढत गेलं तसा हा माणूस इथे जॉबर झाला आणि त्याला वेगळीच सत्ता चिकटली. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला बदली काम द्यायचं, कुणाला उसने पैसे मिळवून द्यायचे हे सारं त्याच्या हातात. १९३१ साली अहवाल देणाऱ्या कामगारविषयक व्हिटली आयोगाने या पद्धतीवर कडक टीका केली, आणि १९३५ पासून मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंदणी सुरू करून ती पकड ढिली करायला घेतली. गिरणगावाच्या इतिहासात जॉबर भेटतो तो बहुतेक असाच, भरती करणारा दादा म्हणून. तोच माणूस दिवसाचे कितीतरी तास मागाखाली पान्याने बोल्ट कसत बसलेला असायचा, ही बाजू मागे राहिली. भिवंडीच्या छोट्या शेडमध्ये भरतीचं काम मालक किंवा त्याचा मेहताजी स्वतःच करू शकत होता. जॉबरकडून हवा होता तो पाना.

त्या पान्याने तो करतो काय?

सुरुवात जमिनीपासून होते. माग पाणसळीत हवा. चौकट एका बाजूला जरा जरी कलली तर धोटा एका दिशेला जोरात जातो आणि दुसरीला मरगळतो. म्हणून नवा माग बसवताना किंवा दुसऱ्या शेडमधून आणलेला माग उभा करताना पाणसळ आणि ओळंबा आधी बाहेर निघतात. पायाखाली पॅकिंग जातं, बोल्ट आवळले जातात, क्रँकचा दांडा आणि खालचा दांडा समांतर आहेत का ते पाहिलं जातं. वरच्या मजल्यावरच्या शेडमध्ये हे काम अवघड होतं. तिथे स्लॅबच थरथरतो आणि शेजारच्या मागाचे हादरे या मागाची जुळणी हळूहळू सैल करत राहतात. जमिनीवर एकदा लावलेला माग जितके दिवस टिकतो तितके दिवस तो वर टिकत नाही. मागही जोडीने बसतात, एक डावा, एक उजवा, म्हणजे मधल्या वाटेत उभ्या विणकराला दोन्ही चालू-बंद करायचे दांडे हाताशी येतात.

पुढचं सगळं वेळेचं गणित आहे. क्रँकच्या एका फेऱ्याचे चार थांबे जॉबर मनात धरून असतो. पुढच्या थांब्याला फणी कापडावर ठोका देते. तळाच्या थांब्याशी धोट्याला फटका बसतो. मागच्या थांब्याला फणी सर्वांत लांब असते, धोटा तेव्हा ताण्याच्या मधोमध असायला हवा. वरच्या थांब्याशी ताण्याचे दोन थर एका पातळीत येतात आणि जागा बदलून पुढचा बोळ उघडायला लागतात. खालचा दांडा वरच्याच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे त्याच्यावरचा एक कॅम डावीकडून फटका देतो, पुढच्या फेऱ्याला दुसरा कॅम उजवीकडून. या कॅमचा स्क्रू ढिला करून तो बोटभर पुढे किंवा मागे फिरवला की फटका लवकर किंवा उशिरा बसतो. लवकर बसला तर धोटा पुरता न उघडलेल्या धाग्यांत घुसून ते तोडतो. उशीर झाला तर धोटा पलीकडे पोचण्याआधीच धागे मिटू लागतात आणि तो त्यांच्यात अडकतो.

धाग्यांची वेळ कापडावर ठरते. जाडसर सुती कापडाला थर जरा आधी ओलांडलेले बरे, कारण फणीचा ठोका बसेपर्यंत नवा धागा ताण्यात पकडला जातो आणि मागे घसरत नाही. कापड दाट, भरलेलं दिसतं. नाजूक धाग्याला हीच वेळ मागे सरकवतात, म्हणजे ठोक्याच्या क्षणी ताण्यावर कमी ताण येतो. पाठ्यपुस्तकात हे अंशांत लिहिलेलं असतं. शेडमध्ये जॉबर चाक हाताने फिरवतो, फणीपासून कापडापर्यंतचं अंतर बोटांनी मोजतो आणि त्या जागी थर समपातळीत आले की धागे वर-खाली करणाऱ्या वईचा कॅम कसतो. बोटांचं हे माप त्याच्या उस्तादाने त्याच्या हाताला शिकवलेलं असतं.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो फटक्याच्या जोरात. फटका देणारी लाकडी काठी एका पट्ट्याने ओढली जाते. तो पट्टा काठीच्या मुळाकडे सरकवला की वरचं टोक जास्त झेपावतं, वर सरकवला की झेप कमी होते. साधी वाटणारी ही जागा फार नाजूक असते. जोर कमी पडला तर धोटा पेटीत पुरता पोचत नाही. काही मागांवर अशा वेळी एक लोखंडी जीभ समोरच्या अडथळ्यावर आदळते आणि सगळा माग मोठा आवाज करून जागच्या जागी थांबतो. हे वारंवार झालं तर चौकटीला तडा जाऊ शकतो. जोर जास्त झाला तर धोटा पेटीतून उसळून परत येतो, धोट्यातल्या कांडीवरचा धागा घसरतो, धोट्याला ढकलणारा पिकर लवकर फाटतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे धोटा मागाबाहेर उडतो. पोलादी टोकांचा तो लाकडी तुकडा माणसाला लागला तर डोळा जाऊ शकतो. मागावर धोट्याचं संरक्षक कडं असावं लागतं ते याचसाठी, आणि ज्या शेडमध्ये ते काढून ठेवलेलं असतं तिथला मालक माणसाच्या जिवाशी खेळत असतो.

म्हणून चांगला जॉबर जोर वाढवण्याआधी पेटी पाहतो. पेटीच्या भिंतीतली दाबपट्टी धोट्याला आवळून थांबवते. ती फार घट्ट असेल तर धोटा सुटतानाच अर्धी ताकद गमावतो, आणि मग नवखा माणूस पट्टा खाली ओढून फटका वाढवत जातो. दोष एका जागी असतो आणि इलाज दुसरीकडे होतो. माग चालतो, पण भाग झिजतात. जाणता जॉबर पेटीला चामड्याचा पातळ तुकडा लावतो किंवा काढतो, दाबपट्टी कानशीने घासतो आणि फटका उलट कमी करतो. पान्याच्या एका फेऱ्याने जे साधतं त्यासाठी तो दोन फेरे घेत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, माग चालू करायचा, ऐकायचं, मग दुसरीला हात लावायचा.

ही शिस्त फक्त मागाची नाही. अमेरिका-युरोपात सभागृहात गालिचा अंथरून रेडिओवर चालणाऱ्या छोट्या मोटारींच्या शर्यती होतात. सपाट पट्टीच्या चासीची, फोमच्या टायरची १:१२ मापाची पॅन कार १९७० च्या दशकाअखेरीपासून तिथे धावते आहे. तिचे शौकीन पातळ चकत्या सरकवून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने तिची उंची बदलतात आणि प्रत्येक बदलानंतर एक चक्कर मारून पाहतात. वेगाने जाणाऱ्या हलक्या वस्तूला ताब्यात ठेवण्याचा दुसरा रस्ता त्यांनाही सापडलेला नाही. फरक इतकाच, की कामतघरात चूक झाली तर विणकराचा त्या दिवसाचा पगार बुडतो.

पगाराचा हा संबंध सरळ आहे. विणकराला पैसे विणलेल्या मीटरवर मिळतात आणि एक माणूस चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो. बंद मागावर मीटर होत नाही. जॉबर यायला तास लागला तर तो तास विणकराचा जातो. तागा सदोष निघाला तर व्यापारी भाव कापतो आणि ती कपात खाली झिरपत विणकरापर्यंत येते. कापडावरच्या आडव्या पट्ट्या घ्या. ताणा ज्या रुळावर गुंडाळलेला असतो तो बीम साखळी आणि वजनांनी रोखलेला असतो. सूत संपत येऊन बीम बारीक होतो तसा त्याच वजनांनी धाग्यावर ताण वाढत जातो, म्हणून वजनं अधूनमधून सरकवावी लागतात. ती सरकवायची राहिली की कापड एका जागी दाट, पुढे विरळ दिसतं. कापड गुंडाळणाऱ्या चक्रांचंही तसंच. पिकल्स नावाच्या सात चक्रांच्या मांडणीत ठरावीक चाकाबरोबर बदलीच्या चक्राचा एक दात म्हणजे इंचाला एक आडवा धागा, इतका सोपा हिशेब आहे. व्यापाऱ्याने ४८ धाग्यांऐवजी ५२ मागितले की जॉबर चार दात जास्त असलेलं चक्र चढवतो. पण दात झिजलेलं चक्र असेल तर हिशेब बरोबर येऊनही कापड चुकतं, आणि ते पाहायला नजर लागते.

नजरेपेक्षाही कान. मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. लँकेशायरच्या विणकर बाया या गोंगाटात ओठांच्या हालचालींनी बोलत. भिवंडीतही खुणांनी कितीतरी बोललं जातं. त्याच गोंगाटात जॉबर शेडच्या दारातूनच सांगतो की तिसऱ्या रांगेतल्या मागाचा उजवा फटका बसका आहे. प्रत्येक मागाची लय डावा-उजवा, डावा-उजवा अशी दुहेरी असते आणि त्यातला एक ठोका जरा लांबला की ती लंगडते. याची किंमतही तेच कान मोजतात. वर्षानुवर्षं या आवाजात काम करणाऱ्यांची श्रवणशक्ती जाते, हे कामगार आरोग्याच्या क्षेत्रात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शेडमध्ये कानांना संरक्षण मात्र क्वचित दिसतं. ज्या इंद्रियावर हे कौशल्य उभं आहे तेच आधी निकामी होतं, ही या धंद्यातली मोठी अन्यायाची गोष्ट आहे.

कामतघरात हे कौशल्य एका शेडमध्ये बंदिस्त राहिलं नाही, याचं कारण दिल्लीच्या धोरणात आहे. १९५६ मध्ये केंद्र सरकारने गिरण्यांतल्या मागांची संख्या गोठवली. हातमागाला वाचवणं हा हेतू होता. गिरणीला नवे माग लावता येईनात, मागणी वाढतच राहिली, आणि मधली जागा यंत्रमागाने भरली. परवाने लागत, तरी विनापरवाना माग वाढत गेले आणि सरकार ते वेळोवेळी नियमित करत गेलं. अबकारी करात लहान घटकांना सवलत असल्याने धंदा लहान तुकड्यांत विभागला गेला. एकाच कुटुंबात भावाच्या नावावर चार माग, बायकोच्या नावावर चार. अशोक मेहता समितीने १९६० च्या दशकात यंत्रमागाची चौकशी केली तेव्हा हा विस्कळीत, विखुरलेला धंदा देशभर पसरलेला होता. चार किंवा आठ मागांच्या मालकाला स्वतंत्र जॉबर परवडत नाही. तो दोन-चार शेडमध्ये मिळून एक ठेवतो. त्यामुळे भिवंडीचा जॉबर फिरता झाला. पिशवीत पाने, पकड, हातोडी, कानस, चामड्याचे तुकडे, आणि दिवसभरात वेगवेगळ्या बनावटीचे, वेगवेगळ्या वयाचे माग. गिरणीतला जॉबर एकसारख्या मागांच्या रांगेत वाढला. याला प्रत्येक माग नव्याने ओळखावा लागे. शेडोशेडी हिंडल्यामुळे एका मालकाकडे सापडलेली युक्ती आठवडाभरात दुसऱ्या गल्लीत पोचे. भिवंडीच्या यंत्रमागाचं खरं प्रशिक्षण केंद्र हे होतं.

मग १९८२ आलं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. गिरण्या बंद, पण बाजारात कापड हवंच होतं. ते भिवंडीच्या मागांवर विणलं जाऊ लागलं. गिरणीमालकांनीही आपलं काम बाहेरच्या यंत्रमागांना दिलं. संपकऱ्यांची ताकद ज्यामुळे खचली त्यांत हे एक मोठं कारण होतं, हे भिवंडीच्या इतिहासात प्रामाणिकपणे लिहायला हवं. संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे उभ्या राहिल्याच नाहीत. त्यांचे माग वजनावर विकले गेले आणि ट्रकांतून भिवंडीला आले. काम गेलेल्या गिरणी कामगारांपैकीही काहीजण याच रस्त्याने भिवंडीत येऊन कमी मजुरीवर त्याच मागांसमोर उभे राहिले. लोखंडाची पावती निघते. माणसाबरोबर आलेल्या कसबाची निघत नाही, म्हणून दस्तऐवजांत एकच हस्तांतर दिसतं.

या जुन्या मागांना सुटे भाग मिळणंही बंद होत आलेलं होतं. भिवंडीने ती सोय लहान कारखान्यांतून आणि वर्कशॉपमधून करून घेतली. बिडाचे कॅम, चक्रं, धोट्याच्या पेट्या यांच्या नकला ओतल्या जात. म्हशीच्या कच्च्या कातड्याच्या पिकरच्या जागी नायलॉनचे पिकर आले. ते स्वस्त होते आणि टिकत जास्त, मात्र कातड्याइतका धक्का शोषत नसल्याने पेटीची जुळणी पुन्हा नव्याने करावी लागली. एका मागावर चौकट लँकेशायरची, चक्र स्थानिक ओतकामाचं, पिकर नायलॉनचा, असा प्रकार सर्रास. अशा मागाला कारखान्याची कुठलीच पुस्तिका लागू पडत नाही. तो लावणारा माणूसच त्याची पुस्तिका.

त्यात सूतही बदललं. १९८५ च्या कापड धोरणाने गिरणी, यंत्रमाग आणि हातमाग यांच्यातल्या जुन्या भिंती बऱ्याच अंशी काढल्या, आणि पॉलिस्टरचा भाव उतरत गेला तसं भिवंडीच्या मागांवर कृत्रिम धागा वाढला. सुती धाग्याला दमट हवा लागते. खाडीच्या जवळ असलेल्या भिवंडीत ती फुकट मिळते, कोरड्या दिवसांत शेडमध्ये पाणी शिंपडलं जातं. पॉलिस्टरच्या अखंड धाग्याचं दुखणं वेगळं. तो घासून विद्युतभारित होतो, त्याचे तंतू पिंजून गुठळ्या धरतात, आणि एकदा ताणला गेलेला धागा रंगवल्यावर चमकदार रेघ म्हणून वर येतो. सुतीवर हात बसलेल्या जॉबरला थरांची वेळ, बोळाची उंची, ताण, सगळं पुन्हा शिकावं लागलं. मुंबईतली सास्मीरा ही १९५० साली स्थापन झालेली संस्था कृत्रिम धाग्यावर संशोधन करत होती आणि तिच्यामार्फत भिवंडीत यंत्रमाग सेवा केंद्रही चाललं. तरीही बहुतेकांनी हे शिक्षण चालू मागावरच घेतलं.

विजेचा प्रश्न तर जॉबरच्या हाताबाहेरचा. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की ताकद जवळजवळ एकोणीस टक्के जाते. सकाळी अचूक लावलेल्या मागाचा धोटा संध्याकाळी पेटीपर्यंत पोचत नाही. भारनियमनाच्या वर्षांत जॉबरांपुढे रोजचा पेच होता, की पडलेल्या व्होल्टेजसाठी फटका वाढवावा तर व्होल्टेज परत आल्यावर भाग फुटतात, आणि न वाढवावा तर माग बंद पडतो. जानेवारी २००७ मध्ये भिवंडीचं वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे देण्यात आलं. देशातला हा असा पहिलाच मोठा प्रयोग. बिलांवरून आणि मीटरवरून तेव्हापासून बरेच वाद झाले आहेत, पण पुरवठ्याची स्थिती आधीच्या मानाने सुधारली.

भिवंडीच्या मागांची संख्या पाच-सहा लाखांच्या घरात असल्याचे अंदाज वर्षानुवर्षं दिले जात होते. २०१६ ची नोटबंदी आणि २०१७ चा जीएसटी यांच्यानंतरच्या मंदीत कितीतरी शेडचे माग भंगारात गेले. मुंबई-नाशिक महामार्गाजवळच्या गोदामांची जमीन मागापेक्षा जास्त भाडं देऊ लागली. त्याआधी भिवंडीतून सेकंडहँड माग आणि ते लावायला शिकलेली माणसं तेलंगणातल्या सिरसिल्ल्यात गेली होती, आणि तिथल्या पद्मशाली वस्तीत यंत्रमागाचं गाव उभं राहण्यात त्यांचा वाटा होता. लँकेशायरहून मुंबई, मुंबईहून भिवंडी, भिवंडीहून सिरसिल्ला असा या यंत्राचा प्रवास आहे.

१ एप्रिल २०१७ रोजी तत्कालीन केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री स्मृती इराणी यांनी पॉवरटेक्स इंडिया योजना भिवंडीतूनच जाहीर केली. तिच्यातला एक भाग जुन्या मागावर जागच्या जागी सुधारणा करण्याचा होता. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवणारी पट्टी, सुधारलेला ब्रेक, बीम सोडण्याची अर्ध-स्वयंचलित योजना, तेल न लागणारे नायलॉनचे भाग, किंवा धोटाच काढून टाकून त्याच चौकटीवर रेपियरचं किट बसवणं, आणि त्यासाठी अनुदान. यामागचा विचार चांगला होता. भिवंडीच्या मालकाला लाखोंचा नवा माग परवडत नाही, चौकट मात्र अजून धड आहे. पण किट बसवणाऱ्याला वेळ द्यायला हवा. रेपियरमध्ये धोटा उडत नाही, दोन पकडी धागा घेऊन मध्यावर एकमेकींना भेटतात आणि तो हस्तांतरित करतात. त्यांची भेट क्रँकच्या कुठल्या अंशाला व्हायची, थर कधी उघडायचा, पकडीच्या पट्टीला किती ढिलाई द्यायची, हे पुन्हा त्याच झिजलेल्या चौकटीवर जमवायचं असतं. योजनेचे पैसे यंत्राच्या भागांना मिळाले. किट एका दिवसात चढतं, ते कापड देऊ लागेपर्यंत जॉबरला त्याच मागासमोर कित्येक दिवस घालवावे लागतात, आणि त्या दिवसांची मजुरी कुणी द्यायची यावर मालक आणि जॉबर यांच्यात घासाघीस होते.

कामतघरात आज शेजारशेजारच्या शेडमध्ये दोन्ही प्रकारचं काम चालतं. एकीकडे धोट्याचे माग, दुसरीकडे रेपियर, काही ठिकाणी बाहेरून आणलेले वापरलेले शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे, माग. तरुण जॉबर मोबाइलवर वेळ मोजायला आणि पॅनेलवरचे आकडे वाचायला शिकला आहे, तरी शेडमध्ये शिरल्यावर तो आधी ऐकतोच. जुन्या उस्तादांपैकी जे अजून येतात त्यांना रोजावर बोलावलं जातं, विशेषतः माग एका शेडमधून उचलून दुसऱ्या शेडमध्ये उभा करायचा असेल तेव्हा. पाणसळ त्यांच्याच पिशवीत असते.